खालचा कॉक

७ जानेवारी २००८, सोमवार

नळी पुन्हा तुंबली. यंत्र सुरू होऊन जेमतेम एक चहा झाला होता. दाबाचा काटा चढत गेला आणि सुनीतीने सगळं बंद केलं. थंड झाल्यावर टोक उघडलं तर आत पांढरं मीठ, दगडासारखं घट्ट. मच्छिंद्र सळई घालून ते फोडत बसला आणि मी धायरीच्या शेडवरून रस्त्याला शिव्या देत शनिवार पेठेत घरी परत आलो.

काल घरी पाहुणे होते. त्यांच्यासमोर आनंदी म्हणाली, "निवृत्तीनंतर हे काय करतात ते मला विचारू नका. मी लोकांना सांगते, पाणी तापवतात." सगळे हसले. मला सोप्या शब्दांत काही सांगताच येत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून इथे एकदा प्रयत्न करतो.

जुन्या काही ट्रान्स्फॉर्मरमध्ये आग लागू नये म्हणून पीसीबी नावाचं तेल भरत. त्यात क्लोरीन असतं. हे तेल कुजत नाही, साध्या भट्टीत जाळलं तर त्याहून विषारी धूर होतो आणि माणसाच्या अंगात गेलं की चरबीत घर करून वर्षानुवर्षं राहतं. एका कारखान्याने त्याची पिंपं आमच्याकडे चाचणीसाठी दिली आहेत. आम्ही पाणी इतकं तापवतो आणि इतकं दाबतो की ते धड पाणीही राहत नाही आणि धड वाफही. त्याला सुपरक्रिटिकल पाणी म्हणतात. त्यात तेल साखरेसारखं विरघळतं. ऑक्सिजन सोडला की आतल्या आत जळून जातं, ना ज्योत ना धूर. नळीच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ पाणी यायला हवं, थोडा वायू आणि मीठ.

मीठ हाच घोळ आहे. ते या पाण्यात विरघळत नाही, नळीत बसतं. आणि सुटलेल्या क्लोरीनचं आम्ल होऊन ते नळी खातं. दोन नळ्या गेल्या. निकेलच्या मिश्रधातूची तिसरी आता चढवली आहे. मार्चमध्ये दिल्लीची समिती येणार. यंत्र दिवसभर चाललं तर मान्यता. नाही तर पिंपं परत, शेड रिकामी आणि मी सकाळी पेपर वाचायला मोकळा.

११ जानेवारी, शुक्रवार

सुनीती मिरजेला गेली. तिच्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन आहे, महिनाअखेरीस येईल. आम्ही दोघं पूर्वी एकाच ट्रान्स्फॉर्मरच्या कारखान्यात होतो, ती प्रयोगशाळेत आणि मी उत्पादनात. रसायनशास्त्र तिचं, लोखंड माझं, अशी आमची वाटणी.

जाताना म्हणाली, "सर, मी येईपर्यंत काही बदलू नका."

मी म्हटलं, "अगं, मी काय नवशिका आहे?"

ती हसली नाही. आईची काळजी असणार.

१२ जानेवारी, शनिवार

आज दुखणं सापडलं असं वाटतं. तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून सुनीती त्यात साबणासारखं एक रसायन घालते आणि टाकीतली ढवळणी सतत फिरत ठेवते. त्याचा फेस होतो. फेस पंपात गेला की पंप धापा टाकतो, दाब खालीवर होतो आणि त्या धक्क्यांनीच मीठ नळीत जागोजाग बसतं. निदान माझा तरी असा तर्क आहे.

उपाय माझ्या हाताला पस्तीस वर्षं माहीत आहे. संध्याकाळी ढवळायचं आणि रात्रभर टाकी स्थिर ठेवायची. सकाळी खालचा कॉक उघडायचा, तळाशी बसलेलं पाणी आणि गाळ बादलीभर काढून टाकायचा, मगच काम सुरू. ट्रान्स्फॉर्मरच्या कारखान्यात नवा पोरगा आला की त्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे. शिवाय पंपाचं टाकीतलं तोंड वीतभर वर घेतलं, म्हणजे गाळ येणार नाही आणि तेल पुरेपूर येईल.

मच्छिंद्र आमचा फिटर, शेडचे मालक आप्पासाहेब यांचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, कामाला चोख, पण प्रश्न फार. म्हणाला, "साहेब, बादलीतलं इखारी न्हाई ना?"

"तळाला गाळ आणि पाणी. विष वर."

"नक्की?"

"तेल कधी पाण्याखाली राहिलेलं पाहिलंयस का?"

"न्हाई बा," म्हणाला आणि कॉक उघडला. मागच्या शोषखड्ड्यात ओत, असं सांगून मी जेवायला बसलो.

१६ जानेवारी, बुधवार

यंत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललं. काटा हलला नाही. बाहेर येणारं पाणी इतकं नितळ की मच्छिंद्र म्हणाला, प्यावं वाटतंय. पिऊ नको म्हटलं.

कालच्या संक्रांतीचा तीळगूळ तुळजाबाईंनी आज आणून दिला. या आप्पासाहेबांच्या पत्नी, साठीच्या. घर शेडला लागूनच, पण एवढं अंतरही त्या भिंत धरून आल्या. म्हणाल्या, "दादा, ग्वाड बोलायचं राहू द्या, तुमचं यंतर रात्रीचं लई घुमतं. ग्वाड झोपू द्या."

मी सांगितलं की आता रात्री ढवळणी बंद असते. "मग बरं हाय," म्हणाल्या. एका बदलाचे दोन फायदे झाले.

१९ जानेवारी, शनिवार

सलग तिसरा चांगला दिवस (गुरुवारी वीज बंद, तो सोडून). नमुने प्रयोगशाळेत पाठवले.

डबा खाताना मच्छिंद्रशी गप्पा. वहिनीचे गुडघे फार दुखतात, शेकून झालं, लेप झाले, डॉक्टरने वजन कमी करा म्हणून सांगितलं आणि वहिनी डॉक्टरवरच रुसली. मी त्याला आमच्या जुन्या लाइनमन लोकांची गोष्ट सांगितली. खांबावर चढून गुडघे धरले की संध्याकाळी ट्रान्स्फॉर्मरचं तेल कोमट करून चोळायचे आणि सकाळी पुन्हा खांबावर. शास्त्र काही नाही त्यात, पण त्यांचा विश्वास दांडगा. गावाकडे गोठ्याच्या मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना, वाळवी लागू नये म्हणूनही तेच तेल चोळत.

मच्छिंद्र मन लावून ऐकत होता. त्याला जुन्या गोष्टी आवडतात.

जाता जाता म्हणाला, "बादलीत खाली तेलकट येतंय बरं का साहेब. मधासारखं."

म्हटलं, टाकी जुनी आहे, तिचाच ओशटपणा असेल. चार दिवसांत धुऊन जाईल.

२४ जानेवारी, गुरुवार

प्रयोगशाळेतून फोन. बाहेरच्या पाण्यात पीसीबी सापडतच नाही. म्हणजे त्यांच्या उपकरणाला जेवढं दिसतं त्यापेक्षाही कमी. टाकीत आपण किती घालतो ते माहीत, बाहेर काहीच नाही, भागाकार करा. चार नऊ.

मी आनंदीला सांगितलं, "नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव टक्के."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढे मार्क आपल्या घरात कुणालाच मिळाले नव्हते. पेपर फुटला असेल."

सुनीतीला मिरजेला फोन केला. तिने आकडा पुन्हा सांगायला लावला. मग विचारलं, "तुम्ही काय बदललंत?"

२९ जानेवारी, मंगळवार

सुनीती आली. आई बरी आहे. मी सगळं दाखवलं. टाकी, वर घेतलेलं पंपाचं तोंड, मुख्य म्हणजे नळी. टोक उघडून आत विजेरी मारली. नव्यासारखी चकचकीत! मिठाचा कण नाही, आम्लाचा डाग नाही. निकेलचा हट्ट मी धरला होता, ती महाग म्हणत होती. हे मी बोललो नाही. बोललो असेन तर एकदाच.

तिने बाहेरचं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. क्लोरीन सुटून मीठ झालं असेल तर दह्यासारखा पांढरा साका येतो. आज नुसतं धुकं आलं.

"सर, क्लोरीन कुठे गेलं?"

"नळीत बसलं असेल मीठ होऊन."

"नळी तर तुम्ही आत्ताच दाखवलीत."

"मग वायूत गेलं असेल."

"वायूही तपासते. पण आत किती जातंय ते आपण मोजलंय का?"

"टाकीत आपणच ओततो. मोजायचं काय त्यात?"

तिने खांदे उडवले. हुशार मुलगी आहे, पण यश आलं की तिला त्यात खोट शोधायची सवय. कारखान्यातही हेच करायची. मला वाटतं, ती इथे नसताना हे झालं याचं तिला थोडं लागलंय. स्वाभाविक आहे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

तुळजाबाई आज भिंत न धरता आल्या! आप्पासाहेब मागून, "अगं, हळू. शर्यत हाय का?" करत. आप्पासाहेब मला म्हणाले, "परचुरेसाहेब, तुमची शेड लाभली बघा आमाला. बाई चालाय लागली."

मी विचारलं, कुणाचं औषध? तुळजाबाई मच्छिंद्रकडे बघून हसल्या. "दिराचं गुपित हाय. रोज रातच्याला चोळते. वास वाइच उग्र, पण गरमी चांगली देतं."

मच्छिंद्र लाजला. भावजयीवर जीव आहे त्याचा. आई लवकर गेली, तुळजाबाईंनीच वाढवलं त्याला.

वायूतही क्लोरीन नाही, असं सुनीती म्हणते. आणि भट्टीला पूर्वीपेक्षा जास्त वीज लागते, हेही तिनेच काढलं. तिचं म्हणणं, तेल आत जळत असतं तर त्याचीच उष्णता मिळून वीज कमी लागली असती. मी म्हटलं, थंडी आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार

आज सुनीतीशी वाजलं. तिला पंपाच्या तोंडाशी नमुना घ्यायचा होता, म्हणजे तिथे जोड कापून नवा कॉक बसवायला हवा. समिती महिन्यावर आली असताना चालती लाइन कापायला मी तयार नाही. मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, "सुनीती, सगळं नीट चाललंय याचा तुला त्रास होतोय का?"

ती म्हणाली, "हो. फार नीट चाललंय याचाच त्रास होतोय."

नंतर म्हणाली, "अहवालावर माझं नाव नको."

मच्छिंद्र तिथेच उभा होता. त्याच्यासमोर नको होतं व्हायला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनीती आली नाही. काल-परवाही नव्हती. फोन उचलत नाही. समितीसाठीचे तक्ते मीच केले. तसं अवघड नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्र इतकं सुरळीत चालतं की लिहायला काही उरत नाही.

तुळजाबाईंच्या गालांवर आणि कानामागे पुळ्या आल्यात. काळ्या टोकांच्या, आत पिवळं. मांड्यांवरही आहेत असं आप्पासाहेब हळूच म्हणाले. "म्हातारपणी वयात आली," अशी थट्टाही केली, त्यावर तुळजाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गोठ्याकडे निघून गेले. मच्छिंद्रच्या हातांवरही तसंच काही उठलंय. ऊन वाढू लागलं, घामोळं असेल. आमच्या गल्लीतल्या त्वचेच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

घरी हे बोललो तर आनंदी म्हणाली, "तुमच्या तिथलं काही लागलं नसेल ना?"

"पिंपं सीलबंद आहेत. हातमोज्याशिवाय कुणी हात लावत नाही."

"पिंपांचं नाही विचारलं मी."

मग काय विचारलं, ते तिनेही सांगितलं नाही.

१ मार्च, शनिवार

हे सरळ लिहून टाकतो.

मच्छिंद्र सकाळी वहिनीला घेऊन डॉक्टरांकडे गेला होता. म्हणून खालचा कॉक मी स्वतः उघडला. जानेवारीत पद्धत सुरू केल्यापासून मी हे एकदाही हाताने केलं नव्हतं. बादली उचलली तर खांद्याला हिसका बसला. पाण्याची बादली एवढी जड नसते.

टेबलावरच्या काचेच्या भांड्यात थोडं ओतलं आणि पाहत राहिलो. हळूहळू दोन थर झाले. एक थर पाण्याचा, गढूळ. एक तेलाचा, मधासारखा. पाणी वर होतं.

पीसीबी पाण्याहून जड असतं, जवळजवळ दीडपट. हे मला माहीत नव्हतं असं नाही. समितीसाठी केलेल्या पहिल्याच तक्त्यात तो आकडा आहे, मीच टाइप केलाय. पण हात पस्तीस वर्षं साध्या ट्रान्स्फॉर्मर तेलात घातलेले. ते तेल तरंगतं. हातांनी आकडा वाचलाच नाही.

म्हणजे रोज रात्री विष तळाशी बसत होतं आणि रोज सकाळी आम्ही ते बादलीत काढत होतो. वीतभर वर घेतलेल्या तोंडातून पंप जवळजवळ नुसतं पाणी ओढत होता. दीड महिना आम्ही पाणी तापवलं आणि पाणीच बाहेर काढलं. नळी चकचकीत राहील नाही तर काय.

धावत मागे गेलो. शोषखड्डा कोरडा होता. आत वाळलेली पानं.

दुपारी मच्छिंद्र आला. मी विचारलं, "बादलीतलं कुठे ओततोस?"

"ओततो कशाला? चांगलं तेल त्ये. वरचं पाणी गोठ्यामागं टाकून द्यायचं आन् तेल क्यानमधी."

"कॅन कुठे आहेत?"

"घरी. गोठ्याच्या मेढींना लावलं. आन् वैनीच्या गुडघ्याला. तुमीच म्हणला व्हता की, लाइनमन लावत्यात म्हून."

"मच्छिंद्र, ते पिंपातलं तेल आहे."

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग अगदी समजावल्यासारखं म्हणाला, "न्हाई साहेब. इख वर असतंय. तुमी सांगितलं व्हतं."

२ मार्च, रविवार

सकाळीच धायरीला गेलो. आनंदी बरोबर आली, मी नको म्हटलं तरी.

ओसरीवर बसून सांगितलं. हे तेल कुठलं, ते तळाशी का गेलं आणि बादलीत विष नाही असं मी कसं सांगितलं, सगळं. आप्पासाहेब उठून उभे राहिले. मारतील असं वाटलं. मारलं नाही. "लेकराला वाटलं औषध हाय," एवढं म्हणाले आणि अंगणात जाऊन पाठमोरे थांबले. त्यांचं लेकरू म्हणजे मच्छिंद्र. तो चौकटीला टेकून उभा होता, मान खाली.

तुळजाबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेढी काढून टाकू, क्यान तुमाला देऊ. आन् माझ्या अंगात गेलंय त्ये?"

मी सांगितलं की ते चरबीत राहतं. सावकाश कमी होतं. वर्षं लागतात.

"औषध?"

"नाही."

"तुमच्या यंतरात घालून जाळता न्हाई येत, न्हाई का?"

टोमणा होता की खरंच विचारत होत्या, मला कळलं नाही. आनंदी उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. परतीच्या रस्त्याला ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. थकली असावी.

डॉक्टरांना मीच फोन करून तेलाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर. मला वाटतच होतं, हे घामोळं नव्हे." यकृताच्या तपासण्या सांगितल्या, दोघांच्याही. कपडे, अंथरुणं बाजूला काढायची. दुधाचं जनावर त्या मेढींना अंग घासत होतं का, हेही विचारलं. होतं.

४ मार्च, मंगळवार

सुनीतीचं घर कसब्यात, बोळात. गाडी लांब लावून चालत गेलो. दार उघडून ती म्हणाली, "या. चहा आधी की बातमी आधी?"

बातमी सांगितली. "मी सांगत होते" असं तिने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पहिला प्रश्न हा, "त्या बाईंनी किती दिवस लावलं?" आणि दुसरा, "म्हशीचं दूध कोण पितं?"

मग चहा केला. कप समोर ठेवताना म्हणाली, "सोमवारी समिती आहे. त्यांना काय सांगणार?"

मी म्हटलं, निदान पुढे ढकलता येईल का ते बघू, माझी तब्येत वगैरे.

"तब्येत कुणाची बिघडलीय?"

चहा तसाच राहिला.

८ मार्च, शनिवार

सुनीती परत आली आहे. खालचा कॉक बंद करून मच्छिंद्रने त्याला तार गुंडाळली. पंपाचं तोंड तळाशी नेलं, ढवळणी सतत चालू ठेवली, पंपाच्या आधी फेस निवायला एक छोटी टाकी लावली. पंपाच्या तोंडाशी नमुन्याचा कॉकही बसवला. जोड कापायला दहा मिनिटं लागली.

यंत्र सुरू केलं. थोड्याच वेळात सुनीतीने भट्टीची वीज उतरवली, कारण आतलं तेल स्वतःच उष्णता देऊ लागलं. बाहेरच्या पाण्यात तिने थेंब टाकले. भांडंभर दही! इतकं पांढरं मी जानेवारीपासून पाहिलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. मच्छिंद्रकडे पाहिलं आणि वहीत वेळ लिहून घेतली.

तासाच्या आत काटा चढला. बंद. नळीत मीठ, आणि निकेलवर पहिले हिरवट डाग.

म्हणजे यंत्र विष खरोखर मोडतं. एका तासापुरतं.

१० मार्च, सोमवार

समिती आली. चौघं. खुर्च्यांवर बसण्याआधीच मी सांगितलं की पाठवलेला अहवाल चुकीचा आहे. त्यांच्यातले ज्येष्ठ म्हणाले, "म्हणजे त्या चार नऊचं काय?"

"पाणी आत घातलं, पाणी बाहेर आलं. त्याचे आहेत ते."

तरुण सदस्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. मग मी तुळजाबाईंचं आणि मच्छिंद्रचं सांगितलं. त्यानंतर कुणी खोकलं नाही. मान्यता नाही. पुढे काय ते कळवतील. घराच्या आवाराची माती तपासायला माणसं येणार आहेत.

सुनीतीने शनिवारचे तासाभराचे निकाल दिले. त्यावर तिचं नाव होतं. ज्येष्ठांनी ते दोनदा वाचले.

१२ मार्च, बुधवार

आप्पासाहेबांकडे शेड रिकामी करायचं बोलायला गेलो. कारखाना पिंपं परत न्यायला तयार आहे, तयार म्हणजे नाखुशीने. महिन्याभरात सगळं हलवू, दवाखान्याचा खर्च आमच्याकडे, असं सांगितलं. मला वाटलं, त्यांना हेच हवं असणार.

आप्पासाहेब हो म्हणणार होते. तुळजाबाई आतून आल्या. पुळ्यांवर काहीतरी पांढरं मलम लावलेलं.

"पिंपं कुठं नेणार?"

"कारखान्याच्या गोदामात."

"आन् मग?"

"मग... बघतील ते."

"कोण बघंल? तिथं बी कोण तरी मच्छिंद्र आसंल. तिथं बी कुणाचं तरी गुडघं दुखत आसतील." पदर सावरून त्या दारात बसल्या. "इख हितं आणलंत तुमी. आता हितंच मोडायचं. शेवटचं पिंप रितं झाल्याबगर शेडची चावी घेणार न्हाई मी."

"अहो, एका वेळी तासभरच चालतं ते. वर्षं लागतील."

"माझ्या अंगातलं जायला बी वर्षंच लागणार म्हणला की तुमी. मला कुटं जायचंय?"

आप्पासाहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाईनं ठरावलं म्हंजी ठरलं."

मी घरी येऊन आनंदीला सांगितलं. ती म्हणाली, "डबा किती दिवसांचा, तेवढं सांगा." त्या रविवारपासून हे पहिलंच वाक्य.

२६ मार्च, बुधवार

आता असं चालतं. तासभर यंत्र, मग बंद, मग थंड पाण्याने नळी धुणं, मीठ काढणं, आत विजेरी मारून डाग बघणं. दुपारनंतर पुन्हा तासभर. नळी किती टिकेल सांगता येत नाही. चौथीच्या पैशांसाठी सुनीती कारखान्याच्या मागे लागली आहे. कारखान्याने पिंपं इथे ठेवायला हरकत घेतली नाही. परत कुणाला हवी आहेत? समितीने आणखी नमुने मागवलेत, मान्यतेबद्दल अवाक्षर नाही.

मच्छिंद्र कामावर येतो. हातांना पट्ट्या, वर दुहेरी मोजे. काही विचारायचं असलं की आता सुनीतीला विचारतो. माझा घसा बसलाय चार दिवस, म्हणून असेल.

आज तुळजाबाईंच्या घरून आणलेल्या कॅनची पाळी होती. सुनीतीच्या मते आधी पिंपं संपवावीत, कारण कॅनमधलं तेल मातकट झालंय, पंप बिघडवेल. तुळजाबाईंना कुणीतरी सांगितलं असावं. खुर्ची घेऊन शेडच्या दारात येऊन बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. पुन्हा दुखू लागलेत.

"ह्ये माझंच का?"

"हो," मी म्हटलं.

"मग पयलं ह्ये."

सुनीतीने माझ्याकडे पाहिलं. मी गाळणी बसवली, मच्छिंद्रने कॅन ओतला. यंत्र नेहमीसारखं घुमू लागलं. पहिलं पाणी आल्यावर सुनीतीने परीक्षानळी तुळजाबाईंच्या हातात दिली आणि थेंबही त्यांनाच टाकायला लावले. पांढरं झालं. त्यांनी नळी उजेडात धरली, तिरकी केली, बराच वेळ पाहिलं.

"ह्ये आता नुस्तं मीठ?"

"नुसतं मीठ."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग सुनीतीकडे वळून तेच पुन्हा विचारलं. सुनीती हो म्हणाली. मग त्यांनी नळी परत दिली.

काटा चढू लागला तेव्हा अर्धा कॅन बाकी होता. बंद केलं. उरलेलं उद्या म्हणणार होतो, पण उद्या गुरुवार, वीज नाही, म्हणजे आजच. मच्छिंद्र सळई आणायला गेला आणि मी टोक उघडायला बसलो.